पिंगा घातला दोघींनी, भांडले भलतेच

आजच्या गप्पा सिनेमाच्या आहेत. बचतीचा हिशेब, शेळ्यांचं लसीकरण, रेशन, या सगळ्यावर आपण नेहमीच बोलतो. पण आमच्या गटात एका सिनेमावरून जेवढी वादावादी झाली, तेवढी कर्जाच्या हप्त्यावरूनसुद्धा झालेली नाही. तो सिनेमा म्हणजे 'बाजीराव मस्तानी'. १८ डिसेंबर २०१५ला तो आला. थिएटरात थोड्याच जणींनी पाहिला असेल, पण पुढं टीव्हीवर, मोबाईलवर तो घरोघरी पोचला. पिंग्याचं गाणं तर हळदीच्या रात्री डीजेवर अजून वाजतं.

संजय लीला भन्साळींनी हा सिनेमा करायचं पहिल्यांदा जाहीर केलं, तेव्हापासून तो पडद्यावर यायला बारा वर्षं लागली. ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ' या मराठी कादंबरीवर तो बेतलेला आहे. म्हणजे आधी इतिहास, त्यावर कादंबरी आणि कादंबरीवर सिनेमा. एका घरातनं दुसऱ्या घरात आणि तिथनं तिसऱ्यात निरोप गेला की त्याचं काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आता लोक काय म्हणाले ते बघू. शहरातल्या वर्तमानपत्रांनी बहुतेक कौतुकच केलं. आरशांचा महाल, दिव्यांच्या रांगा, शालू, दागिने, लढायांचे देखावे, पैसा पाण्यासारखा ओतलेला दिसत होता. जुन्या मंडळींना १९६०च्या 'मुघल-ए-आझम'मधला शीशमहाल आठवला. राष्ट्रीय पुरस्कारांत भन्साळींना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. छायाचित्रण, नृत्य आणि नेपथ्यालाही मिळाले. राधाबाईंचं काम करणाऱ्या तन्वी आझमींना सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. या बाईंनी त्या कामासाठी खरंच डोक्याचे केस काढले होते. पेशवाईतल्या विधवेला केशवपन करावं लागायचं, ते त्यांनी टोपी चढवून भागवलं नाही. टीका करणारेही होते. उत्तरार्ध रेंगाळतो, सजावट इतकी की माणसं तिच्यात हरवतात, असं ते म्हणाले. आमच्या एक आजी म्हणाल्या, "एवढे दिवे लावायला तेल कुणी पुरवलं गं?" आम्हाला तरी यापेक्षा नेमकी टीका कुठं वाचायला मिळाली नाही.

खरी आग लागली ती पिंग्यावरून. सिनेमा यायच्या आधी गाणं आलं आणि आपल्याकडं गदारोळ झाला. त्यात काशीबाई मस्तानीला समारंभाला बोलावते आणि दोघी सारख्या नटून नाचतात. पेशव्यांच्या वंशजांनी आणि काही अभ्यासकांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, पेशव्यांच्या घरची बाई अशी चारचौघांत नाचणार नाही, नऊवारी अशी नेसणार नाही, त्यात काशीबाईंना पायाचं दुखणं होतं. दुसऱ्या एका गाण्यात बाजीरावच फौजेबरोबर नाचतो, त्यावरही राग होता. प्रदर्शनाच्या दिवशी पुण्यात निदर्शनं झाली आणि काही खेळ रद्द करावे लागले.

या हरकतींत तथ्य आहे, असं आम्हाला वाटतं. पिंगा आपला खेळ आहे. श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर जागवताना झिम्मा, फुगडी आणि मग पिंगा. दोघी समोरासमोर येतात, एक आपल्या माणसांचा मोठेपणा सांगते, दुसरी तिच्यावर कडी करते. तो बायकांनी बायकांसाठी रात्र जागवायला खेळायचा खेळ आहे. बघायला कुणी बसलेलं नसतं, म्हणून तर सासुरवाशीण मोकळी होते. सिनेमात तोच खेळ बघणाऱ्यासाठी झाला. कंबर, पदर, ठेका, सगळं कॅमेऱ्याकडं तोंड करून. आमच्या गटातल्या तरण्या पोरींना मात्र हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, "आमचा खेळ निदान जगानं बघितला तरी. नाहीतर गावात आता पिंगा येतो किती जणींना?" यावर म्हाताऱ्या गप्प झाल्या. कारण खरंच चारपाचजणींनाच येत होता.

पण एक गोष्ट आम्हाला खटकली. वाद झाला तो घराण्याच्या अब्रूचा. काशीबाईंनी नाचावं का, यावर इतकं बोललं गेलं. काशीबाईंच्या नवऱ्यानं दुसरा संसार मांडला तेव्हा तिच्यावर काय गुदरलं, यावर कितीसं बोललं गेलं? सिनेमाला मात्र ते थोडं सुचलं होतं. नव्या आरसेमहालात बाजीरावाजवळ मस्तानी आहे, हे काशीबाई आपल्या दालनातनं आरशात बघते. तिथं प्रियंका चोप्राचा चेहरा जे बोलतो, ते पाहून आमच्यात दोघींनी डोळे पुसले. तिनंच सिनेमा खाल्ला, असं अनेक समीक्षकांनी लिहिलं, ते खोटं नाही. त्या दोघी का रडल्या हे आम्ही विचारलं नाही. आमच्या गटात सवत असलेल्या बाया आहेत आणि सवत म्हणून आलेल्याही आहेत.

मस्तानीचंही तसंच. सिनेमात ती लढते, गाते, पाणीदार डोळ्यांनी बघते. कट्यार दिली की लग्न झालं, अशी बुंदेलखंडाची रीत सिनेमा सांगतो. पुण्यात मात्र तिची रवानगी नाचणाऱ्या बायकांच्या बिऱ्हाडात होते. ती स्वतःला बायको म्हणवते आणि समोरचे तिला नाटकशाळा म्हणतात, हा सगळा झगडा तिथं आहे. छत्रसाल राजाची ती मुलगी होती की त्याच्या दरबारातली कलावंतीण, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. सिनेमानं मुलगी धरली. प्रेमकथेला ते सोयीचं. पण ती कलावंतीण असती तर तिच्या दुःखाची किंमत कमी झाली असती का? हा प्रश्न सिनेमानं टाळला आणि भांडणाऱ्यांनीही.

आज बाई म्हणते, मंदिरात हार घातले, मंगळसूत्र आहे, मग मी बायको नाही कशी? १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानं पहिली बायको नांदती असताना केलेलं दुसरं लग्न, लग्नच धरलं जात नाही. तिच्या मुलांना मात्र कायदा अनौरस म्हणत नाही, आईबापाच्या मालमत्तेत त्यांचा हक्क आहे. हे आमच्यातल्या कितीजणींना माहीत नव्हतं. मस्तानीचा मुलगा शमशेर बहादूर पेशव्यांच्याच घरात वाढला, १७६१च्या पानिपतावर लढला आणि जखमी होऊन गेला. त्याच्या वंशजांनी पुढं बांद्याला नवाबी केली. लढाईला मुलगा चालला, पण आईला वाड्यात जागा करून द्यायची म्हटलं तेव्हा धर्म आड आला.

राधाबाईंवर मात्र सिनेमानं अन्याय केला, असं आमचं मत आहे. पडद्यावर त्या फक्त कठोर सासू. खऱ्या राधाबाई १७३५मध्ये काशीयात्रेला निघाल्या. वाटेवरच्या राजेरजवाड्यांनी, एरवी पेशव्यांशी वैर असणाऱ्यांनीसुद्धा, त्यांचा मान राखला, त्यांना सुखरूप पोचवलं. त्या काळात एका विधवेनं एवढा मुलूख पार केला, ही गोष्ट दाखवायला आरसेमहालाइतका खर्चही आला नसता. पण सासू कजाग असली की गोष्ट सोपी होते. टीव्हीवरच्या मालिकांनाही हे ठाऊक आहे.

शेवटाबद्दल थोडं. सिनेमात बाजीराव तापानं भ्रमिष्ट होऊन नदीत तलवार चालवतो आणि इकडं साखळदंडात मस्तानी, दोघांचा प्राण एकाच क्षणी जातो. खरं एवढंच, की २८ एप्रिल १७४०ला नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव तापानं गेले, वय चाळीसच्या आत. मस्तानीही लवकरच गेली. कशी, याबद्दल नाना कथा आहेत. सिनेमा तिथं संपतो. काशीबाई त्यानंतर अठरा वर्षं जगल्या. त्या अठरा वर्षांवर अजून कुणी शंभर कोटी खर्च केलेले नाहीत.

पुढच्या महिन्यात आमच्या गटाची सहल ठरवायची आहे. काशीबाईंचं माहेर चास, राजगुरुनगरहून भीमाशंकरला जाताना लागतं. भीमेच्या काठी त्यांनी बांधलेलं सोमेश्वराचं देऊळ आहे, दीपमाळ आहे. मस्तानीची कबर पाबळला, शिरूर तालुक्यात. कुणी तिला समाधी म्हणतं, कुणी मजार. दोन्ही गावं राजगुरुनगरपासून फार लांब नाहीत, सकाळी लवकर निघालं तर एका दिवसात होतात. ज्यांना यायचं असेल त्यांनी गटाच्या अध्यक्षांकडं नाव द्यावं. भाकरी आपापली आणायची. आणि ज्यांना पिंगा येतो त्यांनी गाडीत मागं बसायचं नाही.