शिटी वाजेपर्यंत
(महोत्सवातील भाषण)



फुटबॉल पाहण्यासाठी आम्ही चिकोडीकर निपाणीमार्गे कोल्हापूर गाठतो. पाटाकडील, दिलबहार असे तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले, की आम्हांस घराची आठवण राहत नाही. पण शेवटची दहा मिनिटे उरली, की आमची चुळबूळ सुरू होते. गाडी चुकेल, गर्दीत अडकू! एकदा असेच आम्ही उठलो. आमचा संघ एका गोलाने मागे होता. फाटकाबाहेर पडतो तोच आत एकच जल्लोष झाला. बरोबरीचा गोल आम्ही भिंतीपलीकडून ऐकला!

ही खोड केवळ आमची नव्हे. १३ मे २०१२ रोजी इंग्लंडात मँचेस्टर सिटीचा संघ ९० मिनिटे संपली तेव्हा १-२ असा मागे होता. काही चाहते डोळे पुसत निघून गेले. खेळ थांबल्याची भरपाई म्हणून मिळालेल्या मिनिटांत दोन गोल झाले आणि ४४ वर्षांनी लीगचे अजिंक्यपद लाभले.

गोल हुकल्याचे दुःख आम्ही विसरलो. सलते ते निराळेच. मैदानावरच्या पोरांनी वर पाहिले असेल, तेव्हा त्यांना आमच्या पाठी दिसल्या असतील. ज्यास खरोखरच गाडी गाठावयाची आहे, त्यास दोष नाही. पण आम्ही जिंकत असतो, तर तीच गाडी खुशाल चुकविली असती! हरणाऱ्याजवळ शेवटपर्यंत बसणे हीही सेवाच आहे. ट्रस्टच्या मंडळींस हे सांगावयास नको.

यापुढे परतीची सोय आधी करू आणि शिटी वाजल्यावरच उठू.