पिल्लू क्रेटमध्येच शी-शू करतंय? आधी त्याचा व्हिडिओ काढा

आजचा एपिसोड जेवताना ऐकत असाल तर आधी जेवून घ्या, मग प्ले करा. कारण आज पुढचा सगळा वेळ आपण शी आणि शू याच विषयावर बोलणार आहोत.

मला येणाऱ्या व्हॉइस नोट्समध्ये एक तक्रार कायम असते. शहर बदलतं, जात बदलते, कधी लॅब्राडॉर असतो, कधी बीगल, कधी रस्त्यावरून उचलून आणलेलं गोंडस देशी पिल्लू. तक्रार तीच. "सगळीकडे सांगतात की कुत्रा स्वतःच्या झोपायच्या जागी घाण करत नाही. म्हणून क्रेट घेतला. आमचं पिल्लू मात्र क्रेटमध्येच शी करतं, वर त्यातच नाचतं. रोज पहाटे आम्ही क्रेट धुतोय, चादरी धुतोय, पिल्लू धुतोय."

ऐकायला मजेशीर वाटतं. पण असे पंधरा दिवस गेले ना, की घरात भांडणं सुरू होतात. आई म्हणते, मी आधीच सांगितलं होतं. आणि महिन्याभरात व्हॉट्सॲपला स्टेटस पडतं: "पिल्लू द्यायचं आहे, घरी वेळ मिळत नाही." वेळ मिळत नाही म्हणजे काय, ते आपल्याला कळतं. म्हणून हा विषय मी हसण्यावारी नेत नाही. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाचं घर यावर टिकतं किंवा जातं.

तर आधी हा जो नियम आहे, "झोपायच्या जागी घाण करत नाही", तो येतो कुठून ते बघू. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला स्वतःहून शू सुद्धा होत नाही. आई चाटते तेव्हा होते, आणि सगळी साफसफाईही तीच करते. साधारण ३ आठवड्यांचं झालं की पिल्लू धडपडत अंथरुणापासून चार पावलं लांब जातं आणि तिथे उरकतं. पुढे ८-९ आठवड्यांपर्यंत त्याच्या डोक्यात पक्कं होत जातं की पायाखाली काय लागलं की करायचं. माती, गवत, फरशी, पेपर, जे मिळालं असेल ते.

म्हणजे नियम खरा आहे, पण त्याला अट आहे. लांब जायला चार पावलं जागा तर मिळाली पाहिजे! जे पिल्लू जाळीच्या पिंजऱ्यात वाढलं, जिथे झोपणं, जेवणं आणि शी सगळं त्याच दीड-दोन फुटांत, त्याने शिकलं ते असं की झोपायची जागा आणि संडास एकच असतात. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी महिना-सव्वा महिन्याची पिल्लं सर्रास घरी येतात. म्हणजे आईकडून आणि भावंडांसोबत जे शिकायचं तेही अर्धवट, आणि पिंजऱ्यातली सवय मात्र पूर्ण. त्याच्यावर चिडून काय उपयोग?

पण थांबा, लगेच "आमचं पण पिंजऱ्यातलंच आहे" असा निष्कर्ष काढू नका. आधी एक काम करा. घरात जुना फोन पडलेला असतोच. तो क्रेटसमोर उभा करा, रेकॉर्डिंग लावा, आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. पिल्लू क्रेटमध्ये नेमकं काय करतं ते बघा. मला विचाराल तर या एका व्हिडिओतून जितकं कळतं, तितकं दहा रील्स बघून कळत नाही.

व्हिडिओत साधारण तीनपैकी एक गोष्ट दिसते. पहिली: पिल्लू झोपतं, मग उठतं, अस्वस्थ होतं, गोल फिरतं, कुंई-कुंई करतं, दाराशी येतं, आणि शेवटी नाइलाजाने कोपऱ्यात करतं. हे पिल्लू हुशार आहे. त्याला तिथे करायचं नव्हतं. त्याला उशीर झाला, म्हणजे खरं तर आपल्याला उशीर झाला. दुसरी: दार लावल्याच्या पहिल्या मिनिटापासून धापा, लाळ, दाराला नखं, ओरडणं, आणि त्या घाबरण्यातच शी. आत्ताच बाहेर करून आलेलं असलं तरी. इथे शी-शूचं शिक्षण कामाचं नाही, हे पिल्लू एकटेपणाला घाबरलंय. तिसरी: शांतपणे उठतं, करतं, आणि तिथेच परत झोपतं. ही ती पिंजऱ्यातली सवय.

तिन्हींचा उपाय वेगळा आहे. पण तिन्हींच्या आधी पोट.

पोटाबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण आपल्या घरांमध्ये पिल्लाला पहिलं काय मिळतं? दूध-पोळी. प्रेमाने कुस्करून, वर दोन बिस्किटं. आईचं दूध सुटलं की पिल्लाची दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते. गाईचं-म्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना बाधतं, शी पातळ होते. आणि पातळ शी दोन महिन्यांचं पिल्लू धरून ठेवूच शकत नाही. तुम्ही जगातला सर्वोत्तम क्रेट आणा, काही होणार नाही. कितीतरी घरांत दूध बंद केल्यावर अर्धा प्रश्न संपतो. आजीला वाईट वाटेल, समजावून सांगा.

मग जंत. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटात असतानाच मिळू शकतात, त्यामुळे "आमचं पिल्लू तर घराबाहेर गेलंच नाही" हे कारण चालत नाही. साधारण १२ आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी जंतांचं औषध देतात. तुमच्या पिल्लाचं काय ठरवायचं ते डॉक्टर वजन बघून सांगतील. जाताना ताजी शी छोट्या स्वच्छ डबीत घेऊन जा, लाजू नका. थेंब-थेंब शू वारंवार होत असेल, शूच्या जागी सारखं चाटत असेल, तर शूची तपासणी करा. आणि उलट्या, मलूल होणं, रक्ताची शी, यातलं काहीही दिसलं तर हा एपिसोड बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पार्व्हो असू शकतो. त्यात उद्यावर ढकलणं परवडत नाही.

पोट ठीक आहे? आता पहिलं पिल्लू, उशीर होणारं. ढोबळ हिशोब असा: पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास. दोन महिन्यांचं पिल्लू फार फार तर तीन तास. ही शेवटची हद्द आहे हं, रोजचं टार्गेट नाही. जागं असताना, खेळताना तर अर्ध्या-पाऊण तासालाही लागते. त्यामुळे दोघं सकाळी नऊला ऑफिसला गेले आणि संध्याकाळी सातला आले, तर त्या मधल्या दहा तासांसाठी क्रेट हे उत्तर नाहीच. क्रेटचं दार बंद करून दहा तास ठेवणं म्हणजे आपण स्वतःच त्याला पिंजऱ्यातली सवय लावणं. दुपारी कोणीतरी यायला हवं. शेजारच्या काकू, कॉलेजातला चुलतभाऊ, पैसे देऊन कोणी. तेही जमणार नसेल तर माझं स्पष्ट मत आहे: पिल्लू आणू नका, दोन-तीन वर्षांचा मोठा कुत्रा दत्तक घ्या. तोही तितकाच जीव लावतो, आणि शू धरून ठेवतो.

याच पिल्लाच्या बाबतीत क्रेटचा आकार बघा. "मोठा झाल्यावर पण चालेल" म्हणून आपण लॅबचा भला मोठा क्रेट आणतो. मग एका टोकाला बेडरूम, दुसऱ्या टोकाला संडास, वन बीएचकेच झाला तो! उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून आडवं होता येईल, एवढीच जागा हवी. मधे लावायची जाळी मिळते ती लावा. आतली जाड गादी काढा, कारण ती शू शोषून घेते आणि पिल्लू कोरडंच राहतं, त्याला काही त्रासच होत नाही. पातळ, रोज धुता येईल अशी चादर बास.

आणि क्रेटमध्ये पेपर अंथरू नका. हे खूप जण करतात, "झालीच तर असू दे" म्हणून. पण तुमचं पिल्लू पेपरवर वाढलं असेल तर त्याच्यासाठी पेपर म्हणजे सरळ पाटी लावलीय: शौचालय. मग त्याने पाटी वाचून केलं, तर ओरडा कशाला? पेपर बाल्कनीत, बाथरूममध्ये, जिथे चालेल तिथे. झोपायच्या जागी नाही. पी-पॅडचंही तेच.

आता दुसरं, घाबरणारं. त्याचं दार लावणं आजच थांबवा. क्रेट उघडा ठेवा, तुम्ही बसता तिथे शेजारी. जेवण आत द्या, दार उघडंच. चावायचं खेळणं आत. ते स्वतःहून आत जाऊन झोपायला लागलं की दार क्षणभर लावा, उघडा. मग दहा सेकंद, मग मिनिट. तुम्ही समोरच बसलेले. रडून रडून गप्प होईल, असं सांगणारे भेटतील. गप्प होतंही, पण घाबरणं जात नाही, आणि शी तर अजिबात थांबत नाही.

तिसऱ्याला वेळ लागतो. काही आठवडे धरा. इथे क्रेट थोडे दिवस बाजूलाच ठेवा. एक कोपरा अडवा, पिल्लांसाठी जाळीचं कुंपण मिळतं ते लावा. एका टोकाला अंथरूण, दुसऱ्या टोकाला शी-शूची जागा. आणि दोन्हीकडे पायाखाली वेगवेगळं लागलं पाहिजे. इकडे मऊ चादर, तिकडे मातीचा किंवा गवताचा ट्रे. पेपरशिवाय करतच नसेल तर ट्रेवर पेपर ठेवा आणि हळूहळू त्याचा तुकडा लहान करत न्या. त्याला ती मधली चार पावलं परत द्यायची आहेत, बस. ते स्वतःहून अंथरुणावरून उठून तिकडे जायला लागलं, की मग क्रेट परत आणा.

बाकी रोजचा दिनक्रम तिघांनाही सारखाच. जेवण ठरलेल्या वेळी, दिवसातून तीन-चार वेळा, वाटी दिवसभर भरलेली नको. पाणी मात्र दिवसा कधीही काढू नका, आपल्या उन्हाळ्यात तर नाहीच. उठल्या उठल्या, खेळल्यावर, आणि जेवणानंतर पाच ते तीस मिनिटांत जागेवर न्यायचं. उचलून. चालवत नेलं तर लिफ्टमध्ये होते, आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो. पाच-सात मिनिटं शांत उभं राहा. झाली की तिथेच, त्याच क्षणी खाऊ आणि कौतुक. घरात आल्यावर दिलेला खाऊ त्याला घरात आल्याबद्दल वाटतो. नाहीच केली तर आत आणा, पण मोकळं सोडू नका. मांडीवर किंवा पट्टा हातात. दहा मिनिटांनी परत.

खाली न्यायचं की नाही? लसींचे डोस साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर जिथे अनोळखी कुत्रे फिरतात त्या मातीत पिल्लू खाली ठेवू नका. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. तोपर्यंत बाल्कनीतला ट्रे. कडेवर घेऊन मात्र जरूर फिरवा, रिक्षा, पाऊस, वॉचमन काका, सगळं बघू दे.

रात्रीसाठी क्रेट तुमच्या पलंगाशेजारी. हॉलमध्ये ठेवलात तर पिल्लाने मारलेली हाक ऐकूच येणार नाही. झोपायच्या आधी एक फेरी, आणि दोन-अडीचला अलार्म. उठा, न्या, आणा. लाइट कमी, गप्पा नाहीत, खेळ नाही. काही रात्री कोरड्या गेल्या की अलार्म पंधरा मिनिटं पुढे.

साफ करताना एक बघा: फिनाईलचा वास आपल्याला येतो, पिल्लाला त्याखालची शू येतेच. आधी कोरड्या कागदाने टिपून घ्या, मग एन्झाइमवाला क्लीनर टाका आणि बाटलीवर लिहिलाय तितका वेळ ओलं राहू द्या. अमोनियावालं काही नको, त्याचा वास शूच्याच नात्यातला. आणि पिल्लाला रोज शाम्पू नको, कोमट पाण्याचं फडकं पुरतं.

राहिला आपला जुना घरगुती उपाय, नाक घासणे. "त्याला कळतं हो, बघा कसं अपराधी तोंड करतो." अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. ते अपराधी तोंड कुत्र्याने खरंच काही केलंय की नाही यावर ठरत नव्हतं, मालक रागावतोय की नाही यावर ठरत होतं. निर्दोष कुत्रे सुद्धा ओरडा बसला की तेच तोंड करत होते. नाक घासून पिल्लू एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करणं धोक्याचं आहे. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. काही तर पुरावा नको म्हणून शी खाऊन टाकतात की काय, असं मला कधीकधी वाटतं.

तर आज रात्री व्हिडिओ काढा. तीन दिवस जेवणाची, झोपेची आणि शी-शूची वेळ फोनवर टिपून ठेवा. आणि मला व्हॉइस नोट पाठवताना पिल्लाचं वय, कुठून आणलं, काय खातं आणि व्हिडिओत तीनपैकी काय दिसलं एवढं सांगा. "खूप घाण करतो" यावरून मला काहीच सांगता येत नाही! पुढच्या एपिसोडमध्ये चावरे दात आणि चपला. चला, भेटू.