शंभर म्हणजे किती?



पूर्णेहून नांदेडकडे जातांना लोहमार्गावर चुडावा हें लहानसें स्थानक लागतें. या मुलखांतील काळ्या जमिनींत कापूस पिकतो. शेतकरी तो क्विंटलानें विकतो. जिनिंग कारखान्यांत सरकी निघाली म्हणजे रुईच्या १७० किलोंच्या गांठी बांधतात. आणि मुंबईच्या बाजारांत भाव बोलला जातो खंडीवर, म्हणजे सुमारें ३५६ किलोंवर. आतां एका पेढीनें दुसरीस नुसताच “१००” हा आंकडा कळविला, तर तिनें १०,००० किलो समजावे, १७,००० समजावे, कीं ३५,६०० ?

हा पेंच जुनाच आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होता. तेथें हाली शिक्का चाले, मुंबईकडे कलदार. सुमारें सात हाली रुपये सहा कलदारांच्या बरोबरीचे असत. सनही येथें फसली, तर अन्यत्र निराळा. म्हणून हुंडींत रक्कम, शिक्का, मिती, देणार व घेणार हीं ठराविक रीतीनें लिहीत; रक्कम अक्षरीं देऊन तिची निमपटही नमूद करीत.

आज पेढ्यांचे हिशेब संगणकांत असतात, आणि तें काम आतां संदेशाचा ठराविक नमुना करतो. १ ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या व्यापाऱ्यांना वस्तु व सेवा कराचें ई-बीजक लागू झालें. प्रत्येक पेढीची हिशेबाची पद्धत निराळी. पण बीजक एकाच नमुन्यांत निघतें. विक्रेत्याचा कर-क्रमांक १५ अक्षरांचा, महाराष्ट्रांतला असल्यास २७ नें आरंभ होणारा. दिनांकांत आधीं दिवस, मग महिना, मग वर्ष. आणि संख्येशेजारीं मापाची खूण.

जुन्या मुनिमास संशय आला, तर तो पत्र धाडून विचारी. संगणक नमुन्यांत न बसणारें बीजक परत लोटतो. परंतु नमुन्यांत चपखल बसलेला चुकीचा आंकडा निमूटपणें गिळतो. “वजन” या रकान्यांत बारदानासह वजन लिहावें कीं निव्वळ, हें आधीं ठरलें नसेल, तर दोन्ही वह्या बिनचूक दिसतील आणि तूट मात्र कोणा गरिबाच्या माथीं बसेल.

यास्तव नमुना आंखणाऱ्यानें आधीं तोलकाट्यापाशीं जावें. विकणारा, तोलणारा व घेणारा त्या एका शब्दानें काय समजतात, तें विचारून लिहून ठेवावें. रकाने त्यानंतर आंखावे.