यकृताची रक्तपरीक्षा : आकडे काय सांगतात?

(वार्षिक संमेलनातील भाषण)



यकृताचा जुना विकार असलेले गृहस्थ रक्तपरीक्षेचा कागद घेऊन आमच्याकडे येतात आणि विचारतात, "आकडे उतरले, आता औषध सोडू ना?" या एका समजुतीपायी बरा होण्याजोगा रोगी हातचा गेलेला आम्ही पाहिला आहे. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

एस.जी.पी.टी. व एस.जी.ओ.टी. ही यकृताच्या पेशींत वसणारी एन्झाइमे होत. पेशींस इजा झाली म्हणजे ती रक्तात उतरतात. अर्थात हा आकडा चालू इजेची वर्दी देतो. यकृत किती शिल्लक उरले, हे तो सांगत नाही. आग लागली म्हणजे धूर दिसतो. पण घर जळून गेल्यावर धूर थांबला, म्हणून घर वाचले असे कोणी म्हणेल काय? यकृत कठीण होऊन आक्रसले, म्हणजे सिऱ्होसिस झाला, तरी हे आकडे नेहमीच्या मर्यादेत असू शकतात. उलट 'अ' प्रकारच्या काविळीत ते हजारांवर जाऊनही बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात.

यकृताचे बळ जोखावयाचे तर अल्ब्युमिन, बिलिरुबिन व प्रोथ्रॉम्बिनचा काल पाहावा. प्लेटलेट दीड लाखाखाली उतरत चालल्या, तर विशेष सावध व्हावे.

1957 साली इटलीतील डॉ. डी रिटिस यांनी या दोन एन्झाइमांच्या प्रमाणाकडे लक्ष वेधले. एस.जी.ओ.टी. दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक असल्यास मद्याचा संशय येतो, हे खरे. परंतु सिऱ्होसिसमध्ये मद्यास न शिवणाऱ्याचेही प्रमाण उलटते. मधुमेह व स्थूलता यांमुळे यकृतात मेद साठतो; 'ब' प्रकारचा विषाणू तर जन्मतःच मातेकडून येऊ शकतो. तेव्हा कागदावरील आकड्यावरून कोणाच्या शीलाची परीक्षा करू नये. लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे जमेल, या भयाने आपल्यांतील कित्येक कुटुंबे दुखणे झाकून ठेवतात. आणि झाकलेले दुखणे आतल्या आत वाढत राहते.

घरात एकास 'ब' प्रकारची बाधा आढळल्यास सर्वांनी तपासणी करून घ्यावी. ज्यांस बाधा व संरक्षण दोन्ही नाहीत, त्यांनी लस घ्यावी. 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात 'ब' व 'क' प्रकारांची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. औषध मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून सोडू नये.