कांचनजंगा आणि थांबण्याचा नियम



25 मे 1955 रोजी दुपारी जॉर्ज बँड आणि जो ब्राऊन हे दोन ब्रिटिश गिर्यारोहक कांचनजंगाच्या अगदी माथ्याशी पोचले. उंचीत जगात तिसरा असलेला हा 8586 मीटरचा पर्वत तोवर कुणीही सर केलेला नव्हता. 1905 पासून त्याच्यावर मोहिमा येत होत्या, माणसे मरत होती आणि उरलेली परत फिरत होती. अवघड खडक चढून झाला होता, आता पुढे बर्फाचा सोपा उतार तेवढा राहिला होता. हे दोघे तिथेच थांबले. मोहिमेचे नेते चार्ल्स इव्हान्स यांनी सिक्कीमच्या दरबाराला शब्द दिला होता, की माथा गाठता येणार अशी खात्री पटली की आमची माणसे अलीकडेच थांबतील, देवतेच्या मस्तकावर पाय ठेवणार नाहीत. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रेदर वर आले, तेही तिथवर येऊन वळले. ही मोहीम नेपाळमधून, यालुंग हिमनदीच्या बाजूने गेली होती. परवानगी नेपाळची होती. सिक्कीमला शब्द देण्याचे कायद्याने काही कारण नव्हते, तरी तो दिला गेला आणि पाहणारे कुणीही नसताना पाळला गेला. गिर्यारोहणाच्या इतिहासात ही कांचनजंगाची पहिली चढाई म्हणूनच नोंदली गेली आहे. ते काही फूट कमी पडले म्हणून त्यांचे श्रेय कुणी काढून घेतलेले नाही.

आज मला एकच मुद्दा मांडायचा आहे. आपल्यापेक्षा वेगळ्या श्रद्धा, वेगळ्या भाषा आणि वेगळे जगणे असलेल्या मुलखात आपण डोंगर चढायला जातो, तेव्हा त्या डोंगराखाली राहणाऱ्यांनी घातलेली मर्यादा हा त्या साहसाचाच नियम मानावा. आणि ती मर्यादा घालण्याचा, सैल करण्याचा किंवा उठवण्याचा अधिकारही त्यांचाच मानावा. पहिला भाग बहुतेकांना पटतो. वाद होतो तो दुसऱ्या भागावर, म्हणून माझा अधिक वेळ त्याच्यासाठी आहे.

सिक्कीममध्ये या पर्वताचे स्थान काय आहे ते आधी पाहू. लेपचा लोकांच्या कथेत पहिला पुरुष आणि पहिली स्त्री कांचनजंगाच्या शुद्ध बर्फातून घडवली गेली. भुतिया बौद्धांच्या दृष्टीने तो या भूमीचा रक्षक आहे आणि त्याच्या पाच शिखरांत पाच खजिने ठेवलेले आहेत. लेपचा प्रमुख थेकोंग तेक आणि भुतियांचा पूर्वज ख्ये बुम्सा यांनी काबी लुंगचोक येथे रक्ताच्या नात्याची शपथ घेतली, तिला साक्षी हा पर्वत होता अशी परंपरा आहे. पांग ल्हाबसोल या उत्सवात तिचे स्मरण होते आणि लाल मुखवटा घातलेला देव नाचतो, तो कांचनजंगाच असतो. म्हणजे दोन समाजांनी एकत्र राहण्याचा करार केला, त्याचा साक्षीदार हा पर्वत आहे. त्याच्या डोक्यावर उभे राहून छायाचित्र काढणे तिथल्या माणसाला का खुपते, हे यावरून कळावे.

मराठी माणसाला हे समजायला थोडी अडचण येते, आणि तिचे कारण आपल्याच परंपरेत आहे. आपला देव डोंगराच्या माथ्यावर बसतो. 1646 मीटर उंचीच्या कळसूबाईच्या शिखरावर देवीचे ठाणे आहे आणि नवरात्रात आसपासच्या गावांतली बाया-माणसे तिथवर चढून जातात. जेजुरी घ्या, ब्रह्मगिरी घ्या, वर जाणे हीच आपली भक्ती आहे. त्यामुळे वर जाऊ नका असे कुणी म्हटले, की आपल्याला ते विपरीत वाटते. पण वणीची सप्तशृंगी आठवा. देवीचे स्थान कड्याच्या अंगात आहे आणि त्याच्यावरचे शिखर भाविक चढत नाहीत. चैत्रात आणि नवरात्रात त्या माथ्यावर ध्वज लागतो, तो लावण्याचा मान दरेगावच्या गवळी घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो माणूस रात्रीच्या अंधारात तो सरळसोट कडा चढतो. उद्या एखाद्या परदेशी प्रस्तरारोहकाने त्याच कड्यावर दोर लावायचे ठरवले, तर नाशिक जिल्हा काय म्हणेल? जे म्हणेल, तेच सिक्कीम म्हणते.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा, की निसर्ग सगळ्या मानवजातीचा आहे, लेपचा आणि भुतियांना तो अडवण्याचा अधिकार कुणी दिला? या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. डोंगर सगळ्यांचा असेल, त्याचे परिणाम मात्र सगळ्यांचे नसतात. आपण दहा-बारा दिवसांसाठी जातो. तोडलेले लाकूड, घाण झालेले पाणी, तुडवलेली कुरणे त्यांच्या वाट्याला राहतात. सिक्कीममधल्या युकसोम गावाहून झोंगरी आणि गोएचा ला खिंडीकडे जाणारी वाट मराठी ट्रेकरांच्या चांगल्या ओळखीची आहे. पर्यटक वाढले तसा त्या वाटेवरच्या जंगलावर सरपणाचा ताण आला, आणि 1996 मध्ये युकसोमच्याच लोकांनी कांचनजंगा संवर्धन समिती स्थापन केली. सरपण न तोडता रॉकेलवर स्वयंपाक करण्याची आणि कचरा खाली आणण्याची शिस्त तिथे रुजली ती या गावकऱ्यांच्या रेट्याने. 2016 मध्ये कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान जागतिक वारशाच्या यादीत गेले, ते निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर. अशा मिश्र वर्गात आलेले ते भारतातले पहिले स्थळ. मानवजातीच्या नावाने बोलणाऱ्या संस्थेनेच तिथला डोंगर आणि तिथली श्रद्धा वेगळी काढता येत नाही असे मान्य केले, हे या आक्षेपाला पुरेसे उत्तर आहे.

दुसरा आक्षेप विवेकवादी मंडळींचा आहे, आणि महाराष्ट्रात तो गांभीर्याने घ्यायलाच हवा. पर्वत म्हणजे खडक आणि बर्फ. त्यात देव पाहणे ही अंधश्रद्धा, मग तिच्यापुढे साहसाने का वाकावे? याला माझे उत्तर असे. ज्या श्रद्धेपायी कुणाचा जीव जातो, कुणाला मंदिराबाहेर ठेवले जाते, कुणाची लूट होते, तिच्याशी लढलेच पाहिजे. पण ही मर्यादा एका माणसाला शेवटची काही पावले टाकू नको म्हणते, एवढेच. ती कुणाला हीन ठरवत नाही. शिवाय गिर्यारोहण हा खेळच स्वतःवर बंधने घालून घेतल्याने उभा राहिला आहे. हेलिकॉप्टरने माथ्यावर उतरणाऱ्याला आपण गिर्यारोहक म्हणत नाही. 1979 मध्ये डग स्कॉट, पीटर बोर्डमन आणि जो टास्कर यांनी उत्तरेच्या बाजूने, कृत्रिम प्राणवायूशिवाय, लहानशा तुकडीने कांचनजंगा चढला. प्राणवायू न वापरण्याचा नियम त्यांचा स्वतःचा होता, माथ्याच्या अलीकडे थांबण्याचा नियम सिक्कीमच्या लोकांचा होता. त्यांनी दोन्ही पाळले. पहिला पाळला म्हणून आपण त्यांना धाडसी म्हणतो. मग दुसरा पाळणे म्हणजे वाकणे कसे? त्याआधी 1977 मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याची मोहीम सिक्कीमच्या बाजूने, ईशान्येच्या धारेने गेली. जर्मन मोहिमा 1929 आणि 1931 मध्ये ज्या धारेवर हरल्या होत्या तीच ही. प्रेम चंद आणि नीमा दोर्जे वर पोचले, आणि तेही अलीकडे थांबले. या माणसांच्या पराक्रमात त्या काही फुटांनी कसलीही उणीव आलेली नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे, कारण तो डोंगरातल्या माणसांच्या बाजूने केला जातो. बंदी घातली की पोट कुणाचे मारले जाते? हमालाचे, वाटाड्याचे, खेचरवाल्याचे. याचा पुरावा नंदादेवी आहे. 26 मार्च 1974 रोजी गढवालमधल्या रेणी गावात गौरादेवींनी बायकांना घेऊन झाडे वाचवली, हे आपल्या पाठ्यपुस्तकांतही आले. त्याच सुमारास नंदादेवीच्या अंतर्भागात परदेशी मोहिमांची रीघ लागली. जंगल तुटू लागले, कचरा साचू लागला. 1982 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि पुढच्या वर्षी तो भाग गिर्यारोहकांना, गुराख्यांना, सगळ्यांनाच बंद करण्यात आला. ज्या भोटिया कुटुंबांनी झाडांना मिठ्या मारून ते जंगल राखले, त्यांच्या मेंढ्यांची कुरणे गेली, जडीबुटी गेली, मोहिमांतून मिळणारा रोजगार गेला. बंदीने जंगलाला उसंत मिळाली, हे खरेच आहे. पण 1998 मध्ये लाता गावचे लोक ‘झपटो-छीनो’ म्हणत त्या बंद उद्यानात शिरले, तेव्हा त्यांचा राग जंगलावर नव्हता. आपल्याला न विचारता आपल्या घराला कुलूप लागले, हे त्यांचे दुःख होते. पुढे 2001 मध्ये त्यांनी पर्यटनाविषयी स्वतःचा जाहीरनामा मांडला. त्यात पर्यटकांना विरोध नव्हता. पर्यटन कसे असावे हे आम्ही ठरवू, एवढीच मागणी होती.

म्हणून नंदादेवीचे उदाहरण माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही, ते त्याचा दुसरा भाग सिद्ध करते. सिक्कीममध्ये 2000 साली एका ऑस्ट्रियन मोहिमेला पैसे घेऊन परवानगी मिळाली, तेव्हा लोकांनी निषेध केला आणि त्यानंतर राज्याने आपल्या बाजूने कांचनजंगाची चढाई बंद केली. नंदादेवीवर बंदी वरून आली होती, इथे ती खालून आली. नकाशावर दोन्ही बंद प्रदेश सारखेच दिसतात, माणसांच्या आयुष्यात त्यांच्यात फार मोठे अंतर आहे. ऑस्ट्रेलियातील उलुरूचेही तसेच. 1985 मध्ये तो खडक अनांगू लोकांना परत मिळाला, पण चढाई लगेच थांबली नाही. कित्येक वर्षे त्यांनी पायथ्याशी फलक लावून विनंती केली, की कृपया चढू नका. चढणाऱ्यांचे प्रमाण उतरत गेले. ज्या व्यवस्थापन मंडळात अनांगूंचे बहुमत आहे, त्या मंडळाने 2017 मध्ये निर्णय घेतला आणि 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई बंद झाली. लोक उलुरूला अजूनही जातात, त्याच्याभोवती फिरतात, अनांगूंकडून त्याच्या कथा ऐकतात.

यावर कुणी विचारेल, की ‘तिथले लोक’ म्हणजे नेमके कोण? सिक्कीममध्ये लेपचा आणि भुतिया आज अल्पसंख्य आहेत. बहुसंख्य लोक नेपाळीभाषक, त्यांतही राई, लिंबू, गुरुंग, तमांग असे अनेक समाज. सर्वांचे मत एक नसणार. नेपाळच्या बाजूने तर कांचनजंगा खुला आहे आणि तिथले शेर्पा त्यावर उपजीविका करतात. 15 मे 2019 रोजी पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे दहा गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत त्याच बाजूने वर पोचले. ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे आणि तिच्यात काही गैर नाही. पण त्याच पायथ्याशी, नेपाळच्या ताप्लेजुंग जिल्ह्यात, पाथीभराच्या डोंगरावर केबल कार उभारण्याला लिंबू समाजातील अनेकांनी विरोध केला. तो डोंगर त्यांच्यासाठी मुक्कुमलुङ आहे, त्यांच्या मुंधुम परंपरेतले पवित्र स्थान. तिथे विकास हवा म्हणणारेही स्थानिकच आहेत. म्हणजे मतभेद आहेत आणि ते राहणार. त्यावरून आपण ठरवावे असे मात्र निघत नाही. आपल्या गावातही देवराई तोडावी की राखावी यावर भांडणे होतात. ती सोडवायला सिक्कीमहून कुणी येत नाही. स्थानिकांचे एकमत नाही, एवढ्यावरून निर्णय बाहेरच्याच्या हाती जाऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सरकारांना सांगायला हवी. मर्यादा पाळायची ती फक्त गिर्यारोहकाने, हे चालणार नाही. युकसोमजवळचा राथोंग चू जलविद्युत प्रकल्प 1997 मध्ये ही भूमी पवित्र आहे या लोकांच्या आग्रहापुढे रद्द झाला. पुढे झोंगूच्या लेपचा तरुणांनी उपोषणे केल्यावर तिथले काही प्रकल्पही सोडून द्यावे लागले. तिस्ता नदीवरचे इतर प्रकल्प मात्र झाले. ऑक्टोबर 2023 मध्ये दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटले आणि चुंगथांगचे धरण पुरात वाहून गेले. लेपचांनी पूर येणार असे भाकीत केले होते, असा दावा मी करत नाही. पण या पर्वतातले पाणी हलके घेऊ नका, हे ते कित्येक वर्षे सांगत होते. त्यांचे म्हणणे माथ्यापुरते पवित्र मानायचे आणि नदीच्या बाबतीत अडाणी ठरवायचे, हा अन्याय आहे.

ऑगस्ट 2019 मध्ये केंद्र सरकारने परदेशी गिर्यारोहकांसाठी 137 शिखरे खुली केल्याचे जाहीर केले. त्या यादीत कांचनजंगाचेही नाव आले आणि सिक्कीममधून लगेच विरोध उठला. अशी यादी जाहीर होण्याआधी त्या त्या खोऱ्यातल्या ग्रामसभांपुढे आणि राज्यांपुढे जायला हवी होती. पुढच्या याद्यांसाठी हा नियम गिर्यारोहण संस्थांनीच मागून घ्यावा, आणि महाराष्ट्रातल्या संस्थांनी त्यात पुढाकार घ्यावा, अशी माझी विनंती आहे. परवानगीच्या कागदाशेजारी प्रत्येक मोहिमेच्या नियमपत्रात दोन प्रश्न असावेत: या डोंगराविषयी इथल्या लोकांचे म्हणणे काय आहे, आणि ते आपण कुणाला, कधी विचारले? नेपाळच्या बाजूने कांचनजंगाला जाणाऱ्या मराठी तुकडीने शेवटची पावले न टाकण्याचे वचन निघण्याआधीच लिहून द्यावे. गोएचा ला खिंडीकडे जाणाऱ्यांनी युकसोमच्याच वाटाड्याला सोबत घ्यावे, तो जिथे थांबा म्हणेल तिथे थांबावे, आणि का थांबायचे ते त्याच्याकडून नीट समजून घ्यावे.