राऊटरचा शेजार

उदाहरण आपल्याच गोंदिया जिल्ह्यातलं घेतो. गोंदिया, आमगाव, देवरी, सडक अर्जुनी, गोरेगाव आणि पुन्हा गोंदिया अशी फायबरची एक रिंग आहे असं समजा; प्रत्येक ठिकाणी एक राऊटर. केंद्र सरकारने २०२३ साली मंजूर केलेल्या सुधारित भारतनेटमध्ये हीच कल्पना आहे: तालुक्याला आणि ग्रामपंचायतीला राऊटर, आणि फायबर रिंगमध्ये फिरवलेली. रस्त्याच्या कामात एका बाजूची फायबर तुटली, तरी दुसऱ्या बाजूने वाट उरते. ती वाट राऊटरांना ठाऊक हवी, आणि त्यासाठी आधी त्यांचा शेजार जमायला हवा.

हा शेजार एकेका इंटरफेसवर, म्हणजे पोर्टवर, जमतो. देवरीच्या राऊटरचा एक पोर्ट आमगावकडे, दुसरा सडक अर्जुनीकडे. दोन्हींचा व्यवहार स्वतंत्र. राऊटरांना वाटा शोधून देणारा ओएसपीएफ हा प्रोटोकॉल घेऊ. जॉन मॉय यांनी लिहिलेलं त्याचं आजचं प्रमाण रूप १९९८ सालचं. इथरनेटवर साधारणपणे दर १० सेकंदांनी प्रत्येक पोर्टवरून 'हॅलो' पॅकेट निघतं. ज्यांचे हॅलो आपल्याला ऐकू आले, त्यांची नावं त्यात असतात. आमगावच्या हॅलोमध्ये देवरीला स्वतःचा आयडी दिसला, की मगच संबंध दुतर्फा ठरतो. या साऱ्या रचनेत मला हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. फायबरच्या जोडीतला एकच धागा चालू असेल, तर एका टोकाला हॅलो ऐकू येत राहतात, पण त्यांत आपलं नाव नसतं; मग तो शेजार धरला जात नाही आणि गावाचा डेटा त्या अंध वाटेला लागत नाही.

एरिया (नेटवर्कचा विभाग), हॅलोचा कालावधी, वाट पाहण्याची मुदत, पासवर्ड, हे सगळं दोन्हीकडे जुळावं लागतं. एमटीयूची, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराची, चूक मात्र फसवी. हॅलोमध्ये एमटीयू नसतो, त्यामुळे ओळख होते. पुढे डेटाबेसची देवाणघेवाण सुरू झाली, की समोरचा आकडा आपल्यापेक्षा मोठा पाहून राऊटर पॅकेट नाकारतो आणि गाडी 'एक्सस्टार्ट' या टप्प्यावर अडते. पिंग चालू असतं, म्हणून माणसं भलतीकडे शोधत बसतात.

फायबर थेट पोर्टला लागलेली असेल, तर प्रकाश जाताच राऊटरला कळतं. मध्ये स्विच असला, तर पोर्ट चालूच दिसतो आणि ४० सेकंद हॅलो आला नाही, की मग शेजारी गेला असं धरलं जातं. वाट तुटल्याचं झटपट ओळखणारा बीएफडी हा प्रोटोकॉल लावला, तर हेच सेकंदाच्या आत कळू शकतं.

रिंगमधला एक शेजारी गेला, तरी गावातलं इंटरनेट चालूच राहतं, तक्रार येत नाही. दुसरी बाजू तुटते त्या दिवशी ग्रामपंचायत अंधारात जाते. म्हणून माझी कळकळीची मागणी आहे: काम पूर्ण झाल्याचा दाखला देताना इंटरनेट चालतं एवढंच पाहू नका. राऊटरवर शेजाऱ्यांची यादी उघडा, आणि दोन्ही पोर्टांसमोर 'फुल', म्हणजे शेजार पूर्ण जमला, असं लिहिलेलं दिसल्याशिवाय सही करू नका. त्यानंतरही ती यादी रोज कुणीतरी पाहिली पाहिजे, आणि ते काम नेमून दिलेलं असलं पाहिजे.