ओढीलाही वेळ लागतो

श्रोतेहो, एक कल्पना करू या. समजा, या क्षणी सूर्य नाहीसा झाला. निसर्गात असे घडत नाही, एवढे मोठे वस्तुमान असे विरून जात नसते. पण एक जुना प्रश्न समजून घ्यायला ही कल्पना उपयोगी पडते. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. प्रकाश सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे सूर्याचा शेवटचा किरण येथे पोचायला ८ मिनिटे २० सेकंद लागतील. तेवढा वेळ अंगणात ऊन असेल, गच्चीवरचे पापड वाळत राहतील. पण पृथ्वीचे काय? सूर्याच्या ओढीने ती त्याच्याभोवती फिरते. ती ओढ त्याच क्षणी तुटेल, की तिलाही वेळ लागेल?

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. ओढ हा शब्द आम्हा कवींच्या रोजच्या वापरातला. कवितेत ओढीला अंतर आड येत नाही. इकडे आठवण काढावी आणि तिकडे उचकी लागावी! गंमत म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ विज्ञानाचेही गणित असेच चालले होते. न्यूटनने १६८७ साली गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला. त्या नियमात वस्तुमान आहे, अंतर आहे, पण वेळ कुठेच नाही. ओढ तत्काळ पोचते, असेच त्यात गृहीत आहे. खुद्द न्यूटनला मात्र हे खटकत होते. मधे काहीही नसताना एक वस्तू दूरच्या दुसऱ्या वस्तूवर परिणाम करते, ही गोष्ट विचारी माणसाला पटण्यासारखी नाही, अशा आशयाचे पत्र त्याने रिचर्ड बेंटली या धर्मपंडिताला लिहिले होते.

पुढे फ्रान्समध्ये लाप्लास या गणितज्ञाने हिशेब मांडला. ओढीला वाटेत वेळ लागत असेल, तर ती सूर्य-चंद्र-पृथ्वीला आताच्या जागेकडे न खेचता थोड्या जुन्या जागेकडे खेचेल. मग ग्रहांच्या कक्षा हळूहळू बिघडत जातील. प्रत्यक्षात तसे दिसत नाही. त्यावरून त्याने १८०५ साली निष्कर्ष काढला की गुरुत्वाचा वेग प्रकाशाच्या निदान ७० लाख पट असला पाहिजे!

हिशेब चोख होता, पण गुरुत्वाची कल्पना अपुरी होती. १९१५ साली आइनस्टाइनने सांगितले की गुरुत्व म्हणजे अवकाश आणि काळ यांच्या विणीला पडलेला बाक. त्या बाकात बदल झाला, तर तो बदल प्रकाशाच्याच वेगाने पसरतो. मग लाप्लासची अडचण? तिचेही उत्तर या सिद्धांतात आहे. वस्तूच्या ओढीत तिच्या गतीचाही हिशेब असतो. त्यामुळे एकसारख्या वेगाने चाललेल्या वस्तूची ओढ, ती आता जिथे असायला हवी, जवळपास त्याच जागेकडे राहते. म्हणून कक्षा बिघडत नाहीत.

हे झाले कागदावरचे. पुरावा हवा, तर प्रकाश आणि गुरुत्व यांची शर्यतच लावायला हवी. दोघांना एकाच ठिकाणाहून, जवळपास एकाच वेळी सोडायचे. अशी शर्यत निसर्गानेच लावून दिली. तिचा निकाल १७ ऑगस्ट २०१७ रोजी लागला.

सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एका दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती गरगरत शेवटी आदळले. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याहून जड, पण एखाद्या शहरात मावेल एवढा गोळा. त्यांच्या नाचण्याने उठलेल्या गुरुत्वलहरी अमेरिकेतील लायगोच्या दोन वेधशाळांनी आणि इटलीतील व्हर्गोने टिपल्या. लहरी संपल्यानंतर १.७ सेकंदांनी फर्मी या उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला. गॅमा किरण म्हणजे प्रकाशाचेच एक रूप. त्यानंतर काही तासांत चिलीमधील दुर्बिणीने ती जागाही शोधून काढली.

विचार करा, १३ कोटी वर्षांची वाटचाल आणि पोचण्यात फरक दोन सेकंदांचाही नाही! हे तारे आदळले तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर हिंडत होते. उरलेले १.७ सेकंदही वेगातल्या फरकाचेच आहेत, असे म्हणता येत नाही; टकरीनंतर झोत बाहेर पडायलाच थोडा वेळ लागला असेल. तरीही दोन्ही वेगांत फरक असलाच, तर तो एकावर चौदा शून्ये देऊन होणाऱ्या संख्येतल्या एका भागाहूनही कमी आहे, असे शास्त्रज्ञांनी ठरवले. विश्वाचे प्रसरण अधिकाधिक वेगाने का होते, हे सांगण्यासाठी गुरुत्वाचे नियम बदलू पाहणारे काही सिद्धांत या एका घटनेने बाद झाले. कित्येक अभ्यासकांची अनेक वर्षांची मेहनत त्यात गेली. पण विज्ञानात एखादी गोष्ट सुंदर असून भागत नाही, ती खरीही असावी लागते. आम्हा कवींना हा नियम लागू नाही, हे आमचे नशीब!

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. सूर्य नाहीसा झाला, तर आणखी ८ मिनिटे २० सेकंद पृथ्वी आपल्या कक्षेतच फिरत राहील. ऊन विझेल आणि ओढ तुटेल, ते एकाच क्षणी.

गुरुत्वाचा वेग मर्यादित आहे, याचा एक मोठा फायदाही आहे. लहर एका वेधशाळेत आधी पोचते, दुसरीत काही सहस्रांश सेकंदांनी नंतर. या फरकावरून ती कोणत्या दिशेने आली हे समजते. वेधशाळा जितक्या जास्त आणि जितक्या दूरदूर, तितकी दिशा नेमकी. म्हणूनच भारतात अशी वेधशाळा हवी होती. पुण्याच्या 'आयुका'त संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लहरींचा क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याच्या पद्धतींवर अनेक वर्षे काम केले आहे. लायगो-इंडियासाठी जागा ठरली ती आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. २०२३ साली केंद्र सरकारने प्रकल्पाला मंजुरी दिली.

औंढ्याची आख्यायिका आपल्याला ठाऊक आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जायला सांगितले, तेव्हा देऊळच फिरले आणि त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, असे सांगतात. त्याच गावाच्या परिसरात उद्या आकाशातून आलेल्या लहरींची दिशा शोधली जाईल. मराठवाड्याच्या शाळांतल्या मुलामुलींनी ती पाहायला जावे, आणि त्यातल्या काहींनी पुढे तिथे काम करावे.